डावा गाल, उजवा गाल

बेदाण्याच्या वहीत, मागच्या पानावर
मी उभी रेघ मारली:
डावीकडे घरचं, उजवीकडे दुकानचं.
तीच रेघ तोंडावर, कपाळापासून हनुवटीपर्यंत.
चाळीस दिवस. एक चेहरा, दोन वाटे.

डाव्या गालाला साय, चमचाभर डाळीचं पीठ,
आणि सांगलीच्या यार्डातली राजापुरी हळद,
अख्खी आणून घरी कुटलेली.
उजव्याला सहाशे नव्याण्णवची नळी.
जिनदत्त उपाध्येंनी ती वरच्या फळीवरून काढली
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
"रात्री लावा. वाटाण्याएवढीच."
वाटाण्याएवढी!
आमच्या शेडात वाटाण्याएवढा दाणा
चाळणीतून खाली पडतो, त्याला भाव नाही.

पहिला आठवडा.
डावा पिवळा. धुतला तरी पिवळा.
मालन म्हणाली, "बाई, निम्मंच लगीन लागलंय व्हय तुमचं?"
पट्ट्यावरच्या बाराजणी हसल्या,
हातभर माल न निवडता पुढे गेला
आणि मालकांनी काचेतून मान वर केली.

दुसरा आठवडा.
उजवा लाल. कातडी सुटायला लागली
कांद्याच्या पापुद्र्यासारखी.
फोन केला तर उपाध्ये म्हणाले, "होतं तसं.
एक दिवसाआड लावा. आणि उन्हात जाऊ नका."
तासगाव स्टँडपासून शेडपर्यंत दीड किलोमीटर,
मार्च महिना,
सावली आहे ती द्राक्षांच्या मांडवाखाली.
आमच्याकडे बेदाणा सावलीत वाळतो.
माणसं उन्हात.

तिसऱ्या आठवड्यात जावई आले,
साय तुपाला गेली.
डाव्या गालाचा चार दिवस खाडा.
हे लिहून ठेवलं,
नाहीतर मोजमाप खोटं.

मालाला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात,
वीस वर्षं बघते मी.
व्यापारी आधी रंग बघतो,
मग दोन दाणे तोंडात टाकतो, मग आकडा बोलतो.
सुरकुतीबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही.
हां, सुरकुती नसली तर काढतात:
कच्चा आहे, बुरशी धरेल, न्या परत.
पण मी काही बेदाणा नाही.
मला कुणी तोंडात टाकून बघणार नाही,
त्यामुळे रंगावरच सौदा.

चाळिसावा दिवस.
कुठल्या बाजूला काय, मालनला सांगितलं नव्हतं,
हळदीनं सांगितलं होतं, तो भाग वेगळा.
तिनं माझी हनुवटी धरून ट्यूबखाली वळवली.
"उजवा. आणाभर बरा.
पण तुम्ही हसलात की दोन्ही सारखेच."

वहीत टिपलं:
उजवा, आणाभर सरस. आण्याला सहाशे नव्याण्णव.
डावा मऊ. खर्च किरकोळ. उशीचा अभ्रा वाया.
आणि भुवयांमधली उभी एक
नेमकी रेघेवर आली.
ना या वाट्यात, ना त्या.
तिला चाळीस दिवस कुणी काहीच लावलं नाही.

ती मला ठाऊक आहे कशाची.
दाणे पळत असतात, त्यात काडी शोधायची,
बाराजणींत एकच ट्यूब,
कपाळ आवळल्याशिवाय काडी दिसत नाही.

केबिनमध्ये गेले. म्हटलं, आणखी एक ट्यूब लावा.
"कशाला?"
वही पाठीमागे धरली.
म्हटलं, मालात काड्या जातायत.

गुरुवारी ट्यूब लागली.
पहिल्याच तासाला बशीभर काड्या निघाल्या.
आणि मालनचा चेहरा दिसला मला,
सहा वर्षं शेजारी उभी आहे, पण असा नीट नव्हता दिसला.
तिनंही माझा बघितला असणार.
पट्टा चालू होता, कुणी काही बोललं नाही.

जेवणाच्या सुट्टीत डब्याचं झाकण लावता लावता
तिनं हळूच विचारलं,
"नळीत काय उरलंय का?"